तीन नंबरचा माग

भुतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर मी तीन-चार वर्षं येतोय, पण लिहायला नाही... खिल्ली उडवायला. कुणी पिंपळाखाली पांढरी साडी पाहिली असं लिहिलं की खाली 'साडी कॉटनची होती का टेरिकॉटची?' असं विचारणारा तो आगाऊ माणूस मीच. ज्यांना ज्यांना असं छळलंय त्यांची आधी माफी मागतो. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. पण माझ्याकडे अकरा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही. म्हणून लिहितोय. ज्यांना साडीचा बदला घ्यायचा असेल त्यांनी खुशाल घ्या.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याचं शेड, शेडात चार यंत्रमाग. चादरी, टॉवेल विणायचे. नान्ना - म्हणजे माझे वडील - वयाच्या सोळाव्या वर्षापासून मागावर. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण इथे त्यांचं बोलणं मराठीतच लिहितो, ते गल्लीत जसं बोलायचे तसं.

मागाच्या घरात वाढलेल्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, बाकीच्यांना सांगतो. एक म्हणजे आम्ही हातांनी बोलतो. खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, त्यामुळे चहा, जेवण, कुणीतरी आलंय, जरा इकडे ये - सगळ्याला हाताच्या खुणा ठरलेल्या. दुसरी म्हणजे प्रत्येक मागाचा आवाज वेगळा असतो. आमच्या चारही मागांना नंबर होते आणि डोळे मिटूनही कुठला चालू, कुठला बंद हे कळायचं. त्यातला तीन नंबर लंगडा. त्याच्या एका चाकाचा दात झिजला होता, त्यामुळे सात-आठ ठोके नीट पडले की एक ठोका अडखळायचा. खटॅक-खटॅक-खटॅक... खट-टॅक. लहानपणी मी त्या तालावर पाढे पाठ केलेत. अडखळला की एक घर पुढे.

मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागलो, पाच वर्षांनी कंपनीने एका मेलवर शंभर-दीडशे लोकांना घरी पाठवलं, त्यात मी होतो. परत आलो. आठ महिने अर्ज केले. मग डोक्यात आलं - गेम स्ट्रीमिंग.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आपण व्हिडिओ गेम खेळायचा, खेळताना तोंडाची टकळी चालू ठेवायची, आणि लोक ते त्याच वेळी इंटरनेटवर बघणार. बाजूला चॅट चालू असतं, त्यात ते लिहितात, आपण बोलून उत्तर द्यायचं. बघणारे वाढले की पुढे कमाई. नान्नांना मी हे समजावलं तेव्हा ते टॉवेलाची घडी घालत होते.

"म्हंजे तू खेळणार आन् लोक नुस्तं बघणार?"

"हो."

"त्यांना खेळायला येत न्हाय का?"

"येतं की. पण बघायला आवडतं."

त्यांनी घडी पूर्ण केली. "क्रिकेट बघत्यात तसं. मग ठीक हाय," म्हणाले. एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला. माझ्या मित्रांच्या बापांनी आठवडाभर डोकं खाल्लं असतं.

अडचण अशी की माझ्या जुन्या लॅपटॉपवर गेम आणि स्ट्रीम एकत्र चालेना. चांगला कॉम्प्युटर पाहिजे होता. जेवताना मी एकदा म्हणालो, "तो तीन नंबर नाहीतरी भंगारच झालाय." बस. एवढंच म्हणालो. हे वाक्य मी सहज बोललो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगायचो. सहज नव्हतं. पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला. घणाने माग तोडला, तुकडे भरले, गेला. नान्ना तेवढ्या वेळात पुढच्या खोलीत बसून पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

शेडात तीन नंबरच्या जागी जमिनीत रोवलेले चार बोल्ट उरले. आणि माझ्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला.

पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटं तावातावाने बोललो आणि शेवटी कळलं की माइक म्यूटवर होता. बघायला तसंही कुणी नव्हतं. मागे स्टुलावर फक्त नान्ना बसले होते. "लई झ्याक बोललास की," म्हणाले. जगात ती बडबड ऐकलेला तो एकच माणूस.

मी ट्रक चालवायचा गेम खेळायचो. माल भरायचा, युरोपातल्या कुठल्यातरी गावात नेऊन उतरवायचा. नान्नांना तो आवडला कारण आमच्या चादरीही ट्रान्सपोर्टनेच जायच्या. सुरुवातीला रोज येऊन बसायचे. "ताडपत्री कुटं हाय? माल भिजंल की," हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी सांगायचो, गेममध्ये भिजत नाही. त्यांना ते पटायचं नाही.

हळूहळू आठ-दहा लोक यायला लागले. जेऊरचा एक जण पहिल्यापासून होता, स्टेशनजवळ त्याचं मोबाइलचं दुकान होतं, संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की यायचा. मंद्रूपचा एक होता, तो दर वेळी म्हणायचा, "दादा, एकदा मंद्रूपच्या बाजारात ट्रक घुसवून दाखव, मग ड्रायव्हर मानतो." आपलीच माणसं. पण सगळ्यांची तक्रार एकच... आवाज. माझी खोली आणि शेड यांच्यामध्ये एकच भिंत. तीन माग चालू असले की माझ्या बोलण्याच्या मागे सतत खडखड. आवाज गाळायचं सॉफ्टवेअर लावलं तर ते मागाबरोबर मलाही गाळायचं - वाक्याची शेपटीच गायब. नान्नांनी मग काय केलं, तर जो माल डागी निघतो, सेकंड म्हणतो आम्ही, त्यातल्या चादरी आणून भिंतीवर खिळे मारून टांगल्या. तीन-तीन थर. सगळ्यात वरची मोराची. कॅमेऱ्यात माझ्या मागे तोच मोर दिसायचा, आणि मंद्रूपवाला म्हणायचा, तुझ्यापेक्षा मोर बरा दिसतोय.

तरी खडखड येतच राहिली. एकदा मी चिडून हेडफोन आपटला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सहा वाजता शेडातून अचानक सगळे आवाज बंद झाले. लाइट गेली असं वाटून मी बघतो तर पंखा चालू. तेवढ्यात नान्ना आत आले. शेडाच्या वेगळ्या मेन स्विचचे तिन्ही फ्यूज त्यांच्या हातात होते, ते पांढऱ्या चिनी मातीचे असतात ना ते. त्यांनी ते एका ओळीत माझ्या माउसशेजारी ठेवले.

"सहा ते आठ तुझं. फ्यूज तुज्याजवळ ऱ्हाऊ दे, म्हंजे माझाबी हात जाणार न्हाय. आता मालक तूच."

मागवाला माणूस धागा मागाच्या रुळावर, बीमवर, चढलेला असताना, उजेड असताना माग बंद ठेवत नाही. आजारी पडला तरी बदली माणूस लावतो. हे मला कळत होतं. मी "थँक्यू नान्ना" म्हणालो आणि स्ट्रीम चालू केली.

त्या दोन तासांत ते काय करायचे? काही नाही. तीन नंबरच्या रिकाम्या जागेवर, त्या चार बोल्टांच्या मध्ये, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. अम्मा म्हणजे माझी आई म्हणाली होती, "जन्म सगळा खडखडाटात गेला त्यांचा, आता शांततेचं भ्या वाटतंय त्यांना. कान भणभणत्यात म्हणत होते." मी त्यांना सांगितलं, फिरून या, मार्कंडेयाच्या देवळात जाऊन बसा, चार माणसं भेटतील. "तुझं संपू दे, मग," म्हणायचे. आठ वाजता मी फ्यूज नेऊन द्यायचो. तिन्ही मागांना सुरू करण्याआधी ते तळहाताने दोनदा थोपटायचे, बैलाला थोपटतात तसं. असं साडेतीन महिने चाललं.

आता तो दिवस.

गुरुवार होता. अम्मा दुपारीच मावशीकडे गेली होती. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी हेडफोन चढवला. सहा वाजता नान्ना आले, फ्यूज ठेवले. मी वर बघितलं नाही. स्क्रीनवरचं काहीतरी नीट करत होतो. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी शेवटचा कधी पाहिला हे मला सांगता येत नाही... बहुतेक दुपारी जेवताना. पण नीट आठवत नाही. कॅमेऱ्यात मात्र त्यांचा हात आलाय. तीन फ्यूज ठेवतो, एक वाकडा असतो तो बोटाने सरळ करतो, आणि मग पंजा एकदा स्वतःकडे ओढतो. आमच्या खुणेत त्याचा अर्थ - झालं की ये.

सात वाजता एक चमत्कार झाला... म्हणजे त्या वेळी मला तोच चमत्कार वाटला. एका मोठ्या स्ट्रीमरने आपली स्ट्रीम संपवताना त्याचे सगळे बघणारे माझ्याकडे पाठवले. या धंद्यात असं करतात, नवख्याला हात देतात. माझ्याकडे बारा लोक होते, ते एका मिनिटात चारशेच्या वर गेले. चॅट वाचवेना इतकं पळायला लागलं. वर्षभर ज्या क्षणाची वाट बघितली तो हाच, आता हे लोक धरून ठेवायचे, एवढंच डोक्यात.

सात वाजून दहा मिनिटांनी जेऊरवाल्याने लिहिलं, "दादा मागं मशीन चालू झालं का?"

मी दुर्लक्ष केलं. मग एकाने हिंदीत विचारलं, कसला आवाज आहे. मग तिसरा. मग दहा-पंधरा जण. "ट्रेन जातीये का?" "भाऊ आवाज लई येतोय, काही ऐकू येईना." मंद्रूपवाला म्हणाला, "अरे ते माग हायेत, आमच्या दादाच्या घरी चादरी विणत्यात."

माझ्या हेडफोनमध्ये फक्त गेमचा आवाज असतो. मी ट्रक एका अरुंद पुलावर घातला होता, पुलावरून पडलो तर चारशे लोक हसून निघून जाणार. हेडफोन काढावा, उठून बघावं, हे डोक्यात आलंच नाही. उलट राग आला. आजच? आजच कसं सुचलं यांना? बघणारे कमी व्हायला लागले - चारशे, तीनशे ऐंशी - तसा राग वाढला. मी चॅटला हसत हसत म्हणालो, "काय करणार दोस्तांनो, आमच्या घरात जुनी मशिनं आहेत. एक लोखंडाचं आणि एक आमचे नान्ना. दोन्ही ऐकत नाहीत."

लोक हसले. हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. लोक हसतायत म्हटल्यावर मला अजून चेव आला. तरी आवाज येतोय म्हणत होते. शेवटी सात एकवीसला मी मान मागे टाकून, जागेवरूनच, भिंतीकडे ओरडलो -

"नान्ना, बंद करा की हो! किती वेळा सांगायचं?"

दोनेक सेकंदांत जेऊरवाल्याने लिहिलं, "झालं बंद."

मी म्हणालो, "बघा, ऐकलं एकदाचं," आणि पूल पार केला.

या सगळ्या वेळात तिन्ही फ्यूज माझ्या माउसपासून वीतभर अंतरावर होते. व्हिडिओत दिसतात. एकदा तर माझं कोपर त्यांना लागतं आणि मी ते न बघताच सरळ करतो.

आठ वाजता स्ट्रीम बंद केली. सव्वाआठला फ्यूज घेऊन, जवळजवळ नाचतच शेडात गेलो. चारशे लोक आले हे मला आधी त्यांनाच सांगायचं होतं. रागही विसरलो होतो. नान्ना खुर्चीत बसलेले, मान खाली. डुलकी लागली असं वाटलं. हाताने खूण केली, चहा? मग खांद्याला हात लावला.

जे झालं ते झालं. गल्लीतले लोक धावून आले, रिक्षातून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पावणेनऊ वाजले होते. हार्टचं असणार म्हणाले. मी विचारलं, किती वेळ झाला असेल? "तास, दीड तास. नक्की नाही सांगता येत."

हा हिशेब तुम्हीही करून बघा. मी हजारदा केलाय. दीड तास धरला तर सव्वासात... म्हणजे आवाज चालू असताना. तास धरला तर पावणेआठ. म्हणजे मी ओरडलो तेव्हा ते भिंतीपलीकडे जिवंत होते, ऐकत होते, आणि त्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटं होते. दवाखाना आमच्या घरापासून रिक्षाने सहा मिनिटांवर आहे.

फ्यूजचं माझ्या डोक्यात रात्री स्मशानातून परत आल्यावर आलं. सुतकातला माणूस, डोकं ठिकाणावर नाही, अंगणात बसलो होतो आणि एकदम आठवलं की शेडात जाताना फ्यूज माझ्या हातात होते. मग माग चालला कशावर?

तेरा दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. चौदाव्या दिवशी स्ट्रीमचं रेकॉर्डिंग उघडलं. सात दहाला आवाज सुरू होतो. आधी दोन बारीक थापा. मग माग. मी चार-पाच ठोके ऐकले आणि हेडफोन काढून टाकला, कारण पुढे काय येणार ते मला कळलं होतं. खटॅक-खटॅक-खटॅक... खट-टॅक.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मीच आधी विचारलंय, तेवढा चिकित्सक मी अजून आहे. शेजारचे माग? शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वीच रॅपियर, म्हणजे नव्या पद्धतीचे बिनधोट्याचे माग, बसवलेत, त्यांचा आवाज पूर्ण वेगळा, आणि गल्लीत लंगडा माग आमचाच होता. जुनं रेकॉर्डिंग चुकून वाजलं? ज्या कॉम्प्युटरवर वाजलं तो तीन नंबर विकूनच आणलेला. तो माग आणि हा कॉम्प्युटर एका छताखाली एक दिवसही नव्हते. मोबाइलमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये कुठे असेल? सगळे शोधले. तीन नंबरचा आवाज आम्ही कुणीही कधीच रेकॉर्ड केलेला नाही. तोडायच्या आधी कुणाला सुचलंसुद्धा नाही. साउंडचं काम करणाऱ्या एका मित्राला फाइल पाठवली. तो म्हणाला, माइकमधूनच आलंय, नंतर जोडलेलं वाटत नाही, आणि मशीन माइकपासून पंधरा-वीस फुटांवर असावं. त्याला मी कशाचा आवाज आहे ते सांगितलं नव्हतं. माझ्या टेबलापासून ते चार बोल्ट अठरा फुटांवर आहेत. मी टेपने मोजले.

अम्माला सांगू नये असं ठरवलं होतं. पण ती एक दिवस म्हणाली, "तू त्या डब्यात काय ऐकत बसतूस? मला बी ऐकव."

आयुष्यभर मागांशेजारी बसून धाग्याच्या कांड्या भरून तिचे कान अधू झालेत, हाक मारली तर दोनदा मारावी लागते. मी तिला काही न सांगता हेडफोन चढवला आणि सात दहापासून लावलं. दोन थापा झाल्या आणि तिचा हात टेबलावर आला. मग ती ठोक्यांबरोबर बोट हलवायला लागली. अडखळ आली तिथे बोट बरोबर थांबलं.

"तीन नंबर," म्हणाली. पुढे विचारलं नाही, कधीचं, कुठलं. फक्त ऐकत बसली. डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. मला वाटलं तिला वाटत असेल की जुनंच काहीतरी आहे.

माझं ते ओरडणं यायच्या आधी बंद करावं म्हणून मी हात पुढे केला. तिने माझा हात धरला. तिने ते ऐकलं. "बंद करा की हो, किती वेळा सांगायचं." मग माग थांबला.

अम्माने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"धागा तुटला न्हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"धागा तुटला, कांडी संपली की माग धडकन् थांबतो. झटका बसतो. ह्यो तसा थांबला न्हाय. हँडल वडलंय. हळू. ते असंच वडायचे, दोन ठोके जाऊ देऊन." मग तिने मांडीवरचा हेडफोन उचलून टेबलावर ठेवला. "तू बंद करा म्हणालास, त्यांनी बंद केला."

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. फ्यूज, चॅट, मी केलेला विनोद, डॉक्टरांचा तास-दीड तास, सगळं सांगितलं. मी तिशीला आलेला माणूस, पण लहान पोरासारखा रडलो. मला वाटत होतं तिने एक तरी वाईट शब्द बोलावा. ती बोलली नाही. नुसतं म्हणाली, "त्यांना तुज्यावर राग न्हवता रं. राग आला की ते हँडल आपटायचे."

तेव्हापासून अम्मा रोज सहा वाजता माझ्या खोलीत येते. "लाव की जरा," म्हणते. अकरा मिनिटं ऐकते. शेवटच्या मिनिटाला मी खोलीबाहेर जातो.

मी आता तिन्ही माग चालवतो. शिकायला वेळ लागला, अजून धागे तुटतात. स्ट्रीमिंग सोडलं. त्या चारशेमधले बरेच जण चॅनलवर अजून आहेत, विचारतात कधी येणार. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

पण एकदा आलो. नान्नांना वर्ष झालं त्या दिवशी. सहा वाजता मी तिन्ही फ्यूज काढून टेबलावर ओळीत ठेवले. माइक लांब वायर लावून शेडात नेला, चार बोल्टांच्या मध्ये जमिनीवर ठेवला. आवाज गाळायचं सॉफ्टवेअर बंद केलं. गेम लावला नाही. लाइव्ह गेलो. पाचच मिनिटांत जेऊरवाला आला. मग मंद्रूपवाला. मग वीसेक लोक.

"दादा, आज काय खेळणार?"

"काही नाही. तुम्ही फक्त ऐका. मशीनचा आवाज आला तर लिहा," असं मी लिहिलं, आणि हेडफोन न लावता शेडात जाऊन जमिनीवर बसलो. अम्मा दारात उभी होती. सात दहा झाले. काही नाही. सात एकवीसला मी जितक्या मोठ्यांदा तेव्हा ओरडलो होतो तितक्याच मोठ्यांदा ओरडलो -

"नान्ना, चालू करा की! आता काही त्रास होत नाही मला. चालू करा!"

आठ वाजेपर्यंत बसलो. मग येऊन चॅट बघितलं. लोक तसेच बसून होते, कुणी गेलं नव्हतं, कुणी चेष्टा केली नव्हती. जेऊरवाल्याने एकच ओळ लिहिली होती, "दादा, फक्त तुझा आवाज येतोय."

ते रेकॉर्डिंग कसं झालं, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, खरंच सांगा, मी हसणार नाही. पण ते पुन्हा का येत नाही, ते मला कळलंय. मी बंद करा म्हणालो होतो. माझा बाप एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला लावणारा माणूस नव्हता.